श्रीपत मास्तरांचे अपुरे उत्तर

श्रीपत रामजी कळंबे. जन्म १ जून १९४६, पोलादपूर. मृत्यू ९ डिसेंबर २०२४, महाड.

यांपैकी मृत्यूची तारीख खरी आहे. जन्माची तारीख शाळेने दिलेली. मास्तरांच्या आईच्या सांगण्याप्रमाणे ते जन्मले तेव्हा भाताची लावणी अर्ध्यावर आली होती, आणि जूनच्या पहिल्या तारखेला या मुलखात लावणी अर्ध्यावर आल्याचे कोणी पाहिलेले नाही. मास्तरांना ही विसंगती ठाऊक होती व ती आयुष्यभर खुपत राहिली.

त्यांनी पोलादपुरात गणित आणि विज्ञान शिकवले, अठ्ठावन्नाव्या वर्षी सेवानिवृत्त झाले आणि वाचनालयाच्या पडवीत दर शनिवारी संध्याकाळी ‘शंकासमाधान’ सुरू केले. नियम त्यांनी स्वतः फळ्यावर लिहिले होते. हात वर करावा. नाव व गाव सांगावे. एका वेळी एकच प्रश्न विचारावा. राजकारण आणि ज्योतिष वर्ज्य. बाजाराचा दिवसही शनिवारच असल्यामुळे डोंगरावरची माणसे बाजार आटोपून, पिशव्या पायाशी ठेवून, गाडीची वेळ होईपर्यंत पडवीत टेकत. कोणी प्रश्न घेऊन येई, कोणी केवळ हसायला येई.

मास्तरांची रीत ठरलेली होती: आधी विनोद, मग विज्ञान. ते म्हणत, गुळाच्या खड्यात औषध दिले की पोर थुंकत नाही. त्यांच्या पत्नी माधुरीबाई म्हणत, “तुमच्या पुडीत गूळच जास्त आणि औषध शोधावं लागतं.”

केशकर्तनालय चालवणारा सुधीर सकपाळ हा नेहमीचा पहिला प्रश्नकर्ता. त्याने एकदा विचारले, “मास्तर, एस.टी.च्या शेवटच्या बाकावरचाच माणूस एवढा का उडतो?”

“कारण तो चाकाच्याही मागे बसलेला असतो. गाडी चाकापाशी वीतभर उचलली, तर शेपटाशी दीड वीत उचलते. उलथन्याचा दांडा जरा हलला की टोक किती हलतं ते घरी विचार. आणि तुला ठाऊक नसेल, तर तू घरी काहीच करत नाहीस हे सिद्ध झालं.”

एका म्हातारीने विचारले, “म्हस काली, मग दूध पांढरा कसा?”

“चूल काळी गो, आणि राख पांढरी. चुलीला कधी विचारलंस?” मग हशा ओसरला की ते शांतपणे सांगत, की दुधात तुपाचे अतिसूक्ष्म कण तरंगत असतात, ते आलेला सगळा उजेड सगळ्या दिशांना परतवतात, आणि सगळे रंग एकदम परतले की डोळ्याला पांढरे दिसते.

“उचकी लागली की कुणी आठवण काढतं, हे खरं का?” असे विचारणाऱ्या सुधीरला त्यांनी सांगितले होते, “तुझी आठवण काढणारी माणसं मोजली, तर तुला जन्मात उचकी लागायची नाही.” छातीखालचा पडदा आचका देतो, हे त्यानंतर.

त्यांचा सर्वांत गाजलेला विनोद जन्मतारखांचा होता. तेवीस माणसे एकत्र जमली तर त्यांतल्या दोघांचा वाढदिवस एकच असण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असते, हे त्यांनी फळ्यावर गणित मांडून दाखवले, आणि खडू खाली ठेवत म्हणाले, “हे इतर जगाचं. आपल्या पडवीत तेवीस कशाला, दोन पुरे. कारण आपण सगळेच एक जूनचे. शाळेत नाव घालताना आयांनी सांगितलं ‘पोर पावसात झालं’, आणि गुरुजींनी सोयीची तारीख लावली. आपल्या तालुक्यात बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस कोणी जन्मतच नाही.” पडवी हसून हसून वाकली. डोंगरावरची माणसे तेव्हा जरा उशिराच हसली होती, पण ते कोणाच्या ध्यानात आले नाही.

२०२२ सालच्या फाल्गुनातला तो शनिवार. आधीच्या आठवड्यात तरुण मंडळाने रक्तदान शिबिर भरवले होते. पडवी गच्च होती. उमरठच्या वर, डोंगरमाथ्यावर बोरमाळ नावाचा धनगरवाडा आहे. म्हशी, खवा आणि थोडी नाचणी यांवर चालणारी दहा-बारा घरे. तिथले वृद्ध गोमाजी ढेबे आणि वाड्यातल्या काही बाया भिंतीला टेकून बसल्या होत्या.

पुढच्या बाकावरून एक हात वर झाला. हात राजनंदिनीचा. घाटकोपरला वाढलेली, वर्षापूर्वी बोरमाळच्या हर्षद ढेबेशी लग्न करून आलेली, आता सहावा महिना लागलेली. हर्षद वाड्यातले दूध आणि खवा पिकअपमध्ये घालून रोज खाली आणत असे; तो आणि त्याचे वडील भागोजी गिऱ्हाइके आटोपेपर्यंत तिने इथे बसायचे, हा त्यांचा शनिवारचा परिपाठ होता.

“सर, राजनंदिनी हर्षद ढेबे, बोरमाळ. शिबिरात पप्पांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, ब्लड ग्रुप ओ निघाला आणि हर्षदचा बी. मम्मींचा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला काढला होता, तोही ओ. माझा पण ओच. मग बाळाचा काय येईल? मी म्हणते ओ, हा म्हणतो बी. शर्यत लावलीय आम्ही.”

प्रश्न सरळ होता, आणि उत्तरही. बापाचा बी आणि आईचा ओ असेल तर बाळ बी होईल किंवा ओ होईल. शर्यत खुली आहे. मास्तरांनी एवढे सांगून बसायला हवे होते. परंतु चुकलेली बेरीज दिसली की पुढचे वाचू न शकणारा त्यांचा स्वभाव. त्यांचे लक्ष प्रश्नाच्या पहिल्या अर्ध्यावर अडकले.

“बाळाचं मागाहून,” ते उठून फळ्याकडे गेले. “आधी बाळाच्या बापाचं बघू. ओ म्हणजे काय? शून्य. रक्तावर ए-ची खूण नाही, बी-ची खूण नाही. आई शून्य, बाप शून्य.” त्यांनी दोन शून्ये काढली, मध्ये अधिकचे चिन्ह घातले. “शून्यात शून्य मिळवलं तर बी कुठून येईल? एक तर शिबिरातली बाटली बदलली असेल, नाहीतर शेजारच्या खुंट्याचं रेडकू दावं तोडून तुमच्या गोठ्यात आलं असेल.”

बाजारपेठेतली माणसे खदखदून हसली. सुधीरने तर बाकावर हात आपटला.

भिंतीला टेकलेली माणसे हसली नाहीत. गोमाजींनी मान खाली घातली होती. त्यांच्या शेजारच्या बायांनी पदर तोंडावर ओढले, तेही हसू लपवायला नव्हे. राजनंदिनी आधी सर्वांबरोबर हसली, मग हसण्याचा अर्थ तिच्यापर्यंत पोचला आणि तिने दाराकडे पाहिले. मास्तरांनीही पाहिले.

दारात भागोजी आणि हर्षद उभे होते. भागोजींच्या हातात दुधाचा रिकामा कॅन होता. त्यांनी तो खाली ठेवला, पुन्हा उचलला, आणि ते पायऱ्या उतरून गेले. हर्षद तिथेच उभा राहून फळ्यावरच्या शून्यांकडे पाहत होता. मास्तरांच्या निवृत्तीआधीच्या शेवटच्या वर्गांतला तो विद्यार्थी होता. बेरीज त्याला त्यांनीच शिकवली होती.

“चल,” तो बायकोला म्हणाला.

पडवी रिकामी झाली तरी मास्तर खडू हातात धरून उभे होते. आपण काय केले हे त्यांना समजले होते, पण ते आपणच केले यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. पंचाहत्तर वर्षांच्या आयुष्यात त्यांनी कोणाच्या घराच्या उंबऱ्याला पाय लावला नव्हता.

घरी माधुरीबाईंना बातमी त्यांच्याआधी पोचली होती.

“काय बोललात ते कळलं का तुम्हाला? एका बाईला भर बाजारात उभी केलीत.”

“मी विनोद केला.”

“विनोद तुम्ही केलात. उत्तर तिला द्यावं लागेल.”

मास्तर जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सुधीरच्या दुकानात दाढीला गेले, तर खुर्चीवरचे गिऱ्हाईक विचारत होते, खुंटा नक्की कोणाचा. मास्तर उलट पावली परतले. आपलाच शब्द दुसऱ्याच्या तोंडून इतका ओंगळ ऐकू येईल, अशी त्यांना कल्पना नव्हती. त्यांनी छत्री आणि काठी घेतली, जीपने उमरठ गाठले आणि बोरमाळची चढण धरली. वाटेत ते अनेकदा बसले. माफी मागायची, ती समक्ष मागायची, एवढेच त्यांनी ठरवले होते.

चंद्राबाई भागोजी ढेबे चुलीवर खव्याची कढई ढवळत होती. साठीची, सडपातळ बाई. तिने मास्तरांना पाहिले, पाट सरकवला, तांब्याभर पाणी दिले, मग ताक दिले, आणि पुन्हा ढवळायला बसली. खवा सोडून उठता येत नाही, आणि पाहुण्यालाही हाकलता येत नाही.

“चंद्राबाई, मी अपराधी आहे,” मास्तर म्हणाले. “मी शनिवारी सर्वांसमोर माफी मागेन.”

“माफी मागितलीत की काय व्हईल? जो हसला तो पुन्यांदा हसल.”

“भागोजी काय म्हणतात?”

“त्येंना काय म्हनायचा? त्येंना सगला म्हाईत हाय.” ती कढईतून नजर न काढता बोलत होती. “पोरगा बोलत नाय. गोठ्यात झोपतो. माझ्या हातचा जेवत नाय. सुनेनं वाढला तर दोन घास खातो. माझ्याकडं बघतो, मास्तर, आनि नजर खाली घालतो. माझी नजर खाली जावी ना? तर त्याची जाते.”

मास्तरांनी ताकाचा पेला खाली ठेवला. “त्यांना सगळं ठाऊक आहे, म्हणजे काय?”

चंद्राबाईने दाराबाहेर पाहिले. अंगणात कोणी नव्हते. मग तिने, ढवळणे न थांबवता, जे सांगितले ते ऐकताना मास्तरांना पहिल्यांदा वाटले की आपल्या कानांत काही दोष उत्पन्न झाला आहे.

हर्षद तिच्या पोटचा नव्हता. भागोजींचे थोरले भाऊ हैबती यांची बायको प्रयागबाई बाळंतपणात गेली. पावसाळ्याचे दिवस, ओढे भरलेले, डोलीतून खाली नेईपर्यंत तिचा प्राण राहिला नाही. बाळ तेवढे जगले. चंद्राबाईच्या अंगावर तेव्हा पाच महिन्यांची लेक रंजिता पीत होती. तिने दुसऱ्या बाजूला हे बाळ घेतले. हैबती मुंबईला कामावर गेले आणि वर्षाच्या आत तिथेच वारले.

“अशा पोराला आमच्याकडं काय बोलतात ठाव हाय तुमाला? आयला खाऊन आला, बोलतात. भांडनात बोलतात, लग्नात बोलतात, म्हस मेली तरी बोलतात. त्याच्या बारशाला सगला वाडा वाघजाईच्या ठान्यावर गेला. घरटी एकानं बेलभंडारा उचलला, की ह्या पोराला त्याच्या जल्माची गोष्ट कुनी सांगायची नाय. लहान पोरांनाबी कलू द्यायचा नाय. आन कुनी सांगितली नाय, मास्तर. सत्तावीस पावसाळे झाले.”

“पण रंजिता आणि हर्षद, दोघांत पाच महिन्यांचंच अंतर? शाळेत कोणाला कसं कळलं नाही?”

“गुर्जींनी दोघांना एक जून लावला. तिला एका साली, त्याला म्होरल्या साली.”

 ज्या तारखेवर मास्तरांनी वर्षानुवर्षे हशा मिळवला, तिच्याच आडोशाला हे मूल वाढले होते. पडवीत तो विनोद झाला की डोंगरावरची माणसे उशिरा का हसत, हे त्यांना आता कळले.

“मग सांगून टाका ना त्याला,” ते म्हणाले. “तुमच्यावरचा डाग एका वाक्यात पुसला जाईल.”

“आनि त्याच्यावर दुसरा लागंल.” तिने कढई उतरवली. “त्याची बायको गरवार हाय. आता त्याला सांगू, तुझी आय तुझ्या पायी मेली? उद्या हिच्या पोटात कळ आली की तो काय इचार करंल? लोक मला काय बोलायचा ते बोलूं देत. मी बाई मानूस, दोन वर्सांनी इसरतील. त्याला ता कलता नये.”

बदनामी झालेली बाई ती बदनामी सोडायला तयार नव्हती.  मग मास्तरांना आठवले की विज्ञानात एक आडवाट आहे.

“एक गोष्ट आहे. क्वचित एखाद्या माणसाचं रक्त नेहमीच्या तपासणीत ओ दिसतं, पण आत ए किंवा बी दडलेलं असतं. अशा आईच्या पोटी बी मूल होऊ शकतं. हा प्रकार पहिल्यांदा मुंबईत सापडला, म्हणून त्याला मुंबईचंच नाव आहे. मी शनिवारी सांगेन की माझं उत्तर अपुरं होतं.”

“ता खरा हाय का?”

“खरं आहे.”

“माझ्या रक्तात हाय का ता?”

“नसणार.”

“मग खोटा.”

“मी तुमचं नाव घेणार नाही. मी फक्त असं असू शकतं एवढं सांगेन. त्यात खोटं काही नाही.”

चंद्राबाई पहिल्यांदा किंचित हसली. “बघा बाबा. तुमी शिकलेले. आमच्या वाघजाईला असला चालत नाय, तुमच्या फळ्याला चालत आसंल.”

पुढच्या शनिवारी पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. विज्ञानाच्या ओढीने ती गर्दी जमली नव्हती, हे मास्तरांना कळत होते. त्यांनी निरोप धाडला होता, म्हणून बोरमाळची माणसे आली होती: गोमाजी, भागोजी, दाराशी हर्षद, पुढच्या बाकावर राजनंदिनी. चंद्राबाईही आली होती, आणि बायांमध्ये न बसता पडवीच्या खांबाशी एकटी उभी होती.

मास्तरांनी त्या दिवशी विनोद केला नाही. त्यांनी फळ्यावर पुन्हा दोन शून्ये काढली आणि म्हणाले, “मागच्या वेळी मी दिलेले उत्तर अपुरे होते. अपुरे उत्तर हे चुकीच्या उत्तराहून वाईट असते, कारण ते खरे वाटते. शून्य दिसणारे प्रत्येक रक्त शून्य नसते.” मग त्यांनी तो दुर्मीळ रक्तगट समजावून सांगितला. प्रत्येक वाक्य तोलून, आणि प्रत्येक वाक्य खरे.

गर्दीतला ताण सैल झाला. सुधीर म्हणाला, “म्हणजे मास्तर, मुंबईवाले इथंपण जागा अडवून बसलेत.” थोडे हसू पिकले. भागोजींनी खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसले. हर्षदने मान वर केली आणि आठवडाभरात पहिल्यांदा आईकडे सरळ पाहिले. मास्तरांना वाटले, जमले.

तेवढ्यात राजनंदिनीने हात वर केला. तिच्या दुसऱ्या हातात मोबाइल होता.

“सर, मी आत्ताच वाचलं. असा ग्रुप असला तर त्या माणसाला साधं ओ रक्तपण चालत नाही. चुकून दिलं तर जिवावर बेततं. बरोबर?”

“बरोबर,” मास्तर म्हणाले. आपल्या पायाखालची फळी सरकली आहे हे त्यांना त्याच क्षणी कळले.

“मग मम्मींची टेस्ट करायलाच पाहिजे ना. उद्या त्यांना काही झालं तर? महाडला होत नसेल तर मुंबईला नेऊ. मी भावाला सांगते, तो सोय करेल.” ती सासूकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर केवळ काळजी होती. “मम्मी, उद्याच जाऊ या.”

भागोजी सोडले तर आठवडाभर सासूशी नीट बोललेली ती घरातली एकटीच होती, आणि नेमकी तीच आता, मायेपोटी, सगळे उघडे पाडायला निघाली होती.  तपासणी झाली तर साधा ओ निघणार, आणि मग आडवाटही बंद. चंद्राबाई खांबाला धरून उभी होती. “जाऊ,” ती म्हणाली. नाही म्हटले असते तर तेच उत्तर झाले असते.

“कोन कुठं जायाचा नाय.”

आवाज हर्षदचा होता. तो दारातून आत आला आणि फळ्यासमोर उभा राहिला.

“मास्तर, तुमचा आजचा उत्तर आमच्यासाठी हुता, ता मला कळला. आभारी हाय. पन आयचा रक्त कशाला तपासायचा? तपासून मला दुसरी आय मिलनार हाय का?” त्याने गर्दीकडे पाहिले. “ज्यांना खुंटा शोधायचा हाय त्यांनी शोधा. ती माझी आय हाय. बाप कोन का असंना.”

कोणी हसले नाही. भागोजी भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. ते पाहून चंद्राबाईने खांब सोडला.

“बाप कोन का असंना, असा बोललास,” ती म्हणाली. “मग आय कोन का असंना, असाबी बोलशील का रे?”

गोमाजी धडपडत उठले. “चंद्रा, गप ऱ्हा. भंडारा उचललाय.”

“उचललाय, दादा. आज खाली ठेवते. देवी मला काय करायचा ता करील.” आणि तिने, बाजार भरलेला असताना, साऱ्या पोलादपुरासमोर, तीन-चार वाक्यांत सांगून टाकले: कोण गेली, कोणाला मागे ठेवून गेली, आणि ते बाळ कोणी उचलले. त्यातला बाप कोणाचा भाऊ होता हेही. प्रयागबाईचे नाव मात्र तिच्या ओठांवर आले नाही. ते न उच्चारण्याची सवय फार जुनी झाली होती.

 सुधीर सकपाळने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. राजनंदिनीच्या हातातला मोबाइल वाजत होता आणि तिला तो बंद करायचे सुचत नव्हते. मास्तर फळ्याला टेकले; त्यांच्या कोटाच्या पाठीवर दोन्ही शून्ये उमटली.

 चंद्राबाई हर्षदच्या तोंडाकडे पाहत होती. जे कळू नये म्हणून तिने स्वतःच्या नावावर चिखल घ्यायची तयारी केली होती, ते त्याला कळले होते, आणि आता त्याचे काय होणार हे तिला दिसत नव्हते.

“तिचा नाव काय व्हता?” त्याने विचारले.

“प्रयाग,” भागोजी भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाले. “प्रयागबाई.”

“दिसायला?”

“तुझ्यासारकी,” चंद्राबाई म्हणाली. “कान तुझ्यासारकं.”

हर्षदने कानाला हात लावला. मग तो आईजवळ गेला, तिच्या हातातली बाजाराची पिशवी घेतली आणि म्हणाला, “चल. भूक लागलीय.” ती सारी माणसे पिकअपमध्ये बसून निघून गेली. शंकासमाधान त्या दिवशी तिथेच संपले.

नंतर जे मिटले ते असे. बेलभंडारा मोडल्याचा दोष कोणाचा, यावर बोरमाळात बैठक बसली. गोमाजींनी निवाडा दिला की मोडला चंद्राने, पण मोडायला लावला मास्तरांनी. तेव्हा वाघजाईला नारळ मास्तरांनी ठेवावा आणि पायी वर येऊन ठेवावा. मास्तरांनी निवाडा मान्य केला. राजनंदिनीला भर पावसात कळा सुरू झाल्या. परंतु हर्षदने तिला आठवडाभर आधीच महाडला आणून ठेवले होते आणि तो दवाखान्याच्या पायरीवरून हलला नाही. मुलगी झाली, ओ रक्तगटाची. शर्यत राजनंदिनीने जिंकली. ‘आईला खाऊन आला’ हे शब्द पुढे हर्षदला कोणी ऐकवले की नाही, हे त्याने कोणाला सांगितले नाही. फळ्यावरच्या नियमांत मास्तरांनी आणखी एक नियम वाढवला: प्रश्नात माणसाचे नाव असेल तर उत्तर पडवीत दिले जाणार नाही.

नारळ ठेवायला ते दिवाळीनंतर वर गेले. नारळ फुटला, खोबरे वाटले गेले, आणि ते निघाले तेव्हा चंद्राबाई पायवाटेपर्यंत पोचवायला आली. नात तिच्या कडेवर होती.

“मास्तर, इचारू का? फळ्यावर नाय, हितंच सांगा. त्याच्या रक्तात माझा काय नाय, ता समजला. पन दोन वर्सां त्यानं माझा दूध पिला. त्यातला काय ऱ्हायला का त्याच्यात?”

मास्तरांना विनोद सुचला नाही. ते छत्रीवर टेकून उभे राहिले आणि म्हणाले, “बाई अंगावर पाजते तेव्हा तिच्या हाडांतला चुना दुधात उतरतो आणि बाळाच्या हाडांत जाऊन बसतो. तेव्हा हर्षदची हाडं तुमच्या हाडांतून आली, असं म्हणायला हरकत नाही.”

तिचा चेहरा उजळला. “म्हंजे अजून हाय त्याच्यात.”

‘अजून’ या शब्दापाशी मास्तर थांबले. माणसाची हाडे आतून झिजत आणि नव्याने भरत असतात. काही वर्षांत जुने जाऊन नवे येते. सत्तावीस वर्षांनंतर त्यातले काय उरते, याचे नेमके उत्तर त्यांच्यापाशी नव्हते, आणि अपुरे उत्तर पुन्हा द्यायचे नाही असे त्यांनी ठरवले होते.

“विचारून सांगतो,” ते म्हणाले.

त्यांनी पुण्यातल्या एका जुन्या विद्यार्थ्याला विचारले. तो डॉक्टर होता. त्याने कळवले की आईच्या दुधातून चुन्याखेरीज पुष्कळ काही जाते, काही पेशीसुद्धा जातात, पण त्या किती काळ टिकतात हे माणसांच्या बाबतीत अजून कोणी खात्रीने सांगितलेले नाही. मास्तरांना ते पुरेसे वाटले नाही. त्यांनी आणखी दोन ठिकाणी विचारणा केली. पुढच्या वर्षी गुडघ्यांनी साथ सोडली आणि बोरमाळची चढण त्यांना शक्य राहिली नाही. फोनवर सांगा, असे माधुरीबाईंनी सुचवले, तेव्हा ते म्हणाले की हे फोनवर सांगण्यासारखे नाही, आणि शिवाय अजून पूर्ण झालेले नाही.

ते उत्तर देणे राहून गेले. शंकासमाधान आता होत नाही. चंद्राबाई अजून बाजाराच्या दिवशी कधीतरी वाचनालयाच्या पडवीत टेकते आणि तिथे असेल त्याला विचारते, की मास्तरांनी पुण्याला विचारलेल्याचा काही निरोप आला का.